'कारण' आणि 'कारणीभूत' : शीर्षकांचे गूढार्थ आणि स्वमग्नतेच्या उपपत्ती

'का?' या एकाच प्रश्नार्थकाने आपण मराठीत दोन निराळे प्रश्न विचारीत असतो. चित्रपटाला हे नाव का दिले, असे विचारणारा कोणाचा तरी हेतू विचारतो. आंब्याचा मोहोर का गळला, असे विचारणाऱ्याला हेतूशी कर्तव्य नसते. 'कारण' हा शब्दही असाच दुहेरी आहे. 'माझ्या न येण्याला कारण होते' या वाक्यात तो हेतूपाशी जातो, 'तापाचे कारण' म्हणताना निसर्गक्रमापाशी. त्यापासून साधलेला 'कारणीभूत' हा शब्द तर व्युत्पत्तीने 'कारण झालेला' एवढेच सांगतो. पण व्यवहारात कारणीभूत व्हायचे ते बहुधा अपघाताला, भांडणाला, मृत्यूला. कारणाकडून दोषाकडे नेणारी उतरण अशी भाषेतच आहे.

या उतरणीचा विचार येथे दोन स्थळी करावयाचा आहे. एक स्थळ म्हणजे चित्रपटांची शीर्षके. त्यांतील गूढार्थ शोधणे हा आम्हा साहित्याच्या अध्यापकांचा मान्य उद्योग आहे. दुसरे स्थळ म्हणजे स्वमग्नता ही बालकाची अवस्था आणि तिच्या कारणांविषयीच्या समजुती. दोहोंचा वरकरणी काही संबंध नाही. परंतु अर्थ लावण्याची एकच सवय दोन्हीकडे काम करते असे मला वाटते. पहिल्या स्थळी ती निरुपद्रवी, क्वचित फलदायीही असते. दुसऱ्या स्थळी ती काय करते, हे मला ग्रंथांपेक्षा घरात अधिक कळले. त्याविषयी पुढे.

जेरार जेनेत याने शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना अशा संहितेभोवतीच्या मजकुराचा विचार १९८७ मध्ये एका ग्रंथात मांडला आणि त्या ग्रंथाला 'उंबरठे' अशा अर्थाचे नाव दिले. मराठी वाचकाला येथे संजय सूरकर दिग्दर्शित 'चौकट राजा' (१९९१) आठवावा. उंबरठा हा चौकटीचाच भाग. 'चौकट' म्हणजे दाराची चौकट, तसबिरीची चौकट, समाजाची चौकट आणि पत्त्यांतला एक रंग. दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला नंदू हा मतिमंद तरुण कोणत्या चौकटीत बसत नाही आणि कोणत्या चौकटीचा राजा आहे, हा प्रश्न शीर्षकच उभा करते. एवढ्यावर न थांबता पत्ता हातात घेऊन पाहावे. प्रचलित संचातल्या चार राजांपैकी चौकटचा राजा एकटाच बाजूने दिसतो, त्याचा एकच डोळा आपल्याला दिसतो. आणि इतर तिघांपाशी तलवार असता याच्यापाशी कुऱ्हाड असते. म्हणजे ज्याचा अर्धा चेहरा आपल्याला कधीच दिसणार नाही असा राजा. हे वर्गात सांगितले की विद्यार्थी वह्या उघडतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

हे सारे निर्मात्यांच्या मनात होते काय? बहुधा नसावे. परंतु त्यामुळे हे वाचन अवैध ठरत नाही. शीर्षक ही कोणीतरी कोणाला तरी उद्देशून केलेली कृती असते. तिच्यामागे वक्ता आहे, त्याचे तात्पर्य आहे, आणि त्याने निवडलेल्या शब्दाला स्वतःचा पूर्वेतिहास आहे. वक्त्याच्या हेतूपलीकडे अर्थ गेला तरी तो शब्दाच्या आधाराने जातो. मम्मटाने लक्षणेसाठी तीन अटी घातल्या : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी काही संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. 'गंगेवर गवळीवाडा' म्हटल्यावर प्रवाहावर वाडा असू शकत नाही, म्हणून आपण तीरापर्यंत येतो. सरळ अर्थ अडल्याशिवाय आडवाटेला जाऊ नये, असा हा शिस्तीचा भाग आहे. आमच्या समीक्षेने तो फारसा पाळलेला नाही, हे जाता जाता मान्य करायला हरकत नाही.

शीर्षकात दडवण्यासारखे काही असते, ही कल्पनाही तशी अलीकडचीच. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'लंका दहन' (१९१७) किंवा 'कालिया मर्दन' (१९१९) अशी नावे दिली तेव्हा त्यांत काहीच गुप्त नव्हते. शीर्षक वाचणाऱ्याला कथा शेवटासकट ठाऊक होती. आधुनिक शीर्षक प्रेक्षकाला आत आल्यावरच उलगडायचे असते. म्हणून शीर्षक आणि संशय यांचे नाते जुळले.

स्वमग्न व्यक्तिरेखा असलेल्या चित्रपटांत मात्र शीर्षकांची एक विलक्षण गोष्ट घडलेली दिसते. 'रेन मॅन' (१९८८) या नावात पाऊस शोधणाऱ्या प्रेक्षकाला शेवटी कळते की धाकट्या भावाला बालपणी 'रेमंड' म्हणता येत नव्हते, त्याचे हे झाले. ज्याला तो काल्पनिक सवंगडी समजत होता तो रक्ताचा भाऊ होता, आणि लहानग्याला त्याच्यापासून इजा होईल या भीतीने त्याला घरातून संस्थेत पाठवले गेले होते. अनुराग बासूंच्या 'बर्फी!' (२०१२) मध्येही नायकाचे नाव मर्फी. ऐकू न येणाऱ्या त्याच्या उच्चारात त्याची बर्फी होते. झिलमिल ही स्वमग्न नायिका त्याच चित्रपटातली. म्हणजे दोन्ही ठिकाणी गूढार्थ म्हणून जे हाती लागते तो एक चुकलेला उच्चार असतो. प्रतीक शोधत गेलेल्या वाचकाला तिथे एक घर सापडते आणि त्या घरात बोललेला एक शब्द. 'माय नेम इज खान' (२०१०) चे शीर्षक याहूनही पुढे जाते. ॲस्पर्गर असलेला रिझवान खान आपले नाव सांगतो. सप्टेंबर २००१ नंतरचे जग त्या आडनावात भलताच अर्थ वाचते, आणि तो पुन्हा आपले नावच सांगतो. शीर्षकाने गूढार्थ नाकारावा आणि त्या नाकारण्यावरच चित्रपट उभा राहावा, असे उदाहरण मला दुसरे पटकन आठवत नाही. चित्रपट म्हणून तो उत्तरार्धात फार ढिला पडतो, ही गोष्ट वेगळी.

आता 'स्वमग्नता' या शब्दाकडे वळू. तेही एका अर्थी शीर्षकच आहे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 'ऑटिझम' हा शब्द घडवला तो १९१० च्या सुमारास, आणि तो घडवला छिन्नमनस्कतेतील एका लक्षणासाठी. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. लिओ कॅनरने १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन करताना तोच शब्द उचलला. मराठीने त्याला 'मग्न' जोडले. मग्न म्हणजे बुडालेला. आमच्या समीक्षेत 'आत्ममग्न कवी' हा गौरव आहे. त्या गौरवाची छायाही नकळत या शब्दावर पडली. पण मुख्य अडचण निराळी आहे. जो स्वतःत बुडाला आहे तो जगाकडे पाठ फिरवून बुडाला असला पाहिजे, असे हा शब्द सुचवतो. आणि मुलाने पाठ फिरवली असेल तर कोणाकडे पाहून? हा पुढचा प्रश्न शब्दातच दडलेला आहे. वस्तुतः हाकेला ओ न देणाऱ्या या मुलांपैकी कित्येकांना जगाचे आवाज, उजेड, स्पर्श अतोनात जाणवतात. 'मग्न' हे त्यांच्या अवस्थेचे वर्णन नव्हे. आपल्या बाजूने केलेली ती तक्रार आहे.

या तक्रारीचे शास्त्र झाले. कॅनरने पहिल्या निबंधात ही अवस्था जन्मजात मानली होती, पण पालकांच्या थंडपणाची निरीक्षणेही त्याने नोंदवली, आणि पुढे 'शीतपेटीसारखी आई' हा शब्दप्रयोग वैद्यकात रुळला. ब्रूनो बेटेलहाइमने १९६७ मध्ये यावर ग्रंथ लिहिला. त्याचे नाव 'रिकामा किल्ला'. हे शीर्षक पाहावे. एकदा मूल हा किल्ला ठरला की वेढा कोणी घातला हे सांगावेच लागते. बेटेलहाइम स्वतः नाझी छळछावण्यांतून वाचलेला होता, आणि छावणीतल्या कैद्याशी या मुलांची तुलना त्याने केली. त्या तुलनेत आईच्या वाट्याला कोणते स्थान येते ते सांगायला नको. बर्नार्ड रिमलंडने याआधीच, १९६४ मध्ये, या उपपत्तीतला फोलपणा दाखवला होता. तो मानसशास्त्रज्ञ होता आणि एका स्वमग्न मुलाचा बापही. १९६९ मध्ये कॅनरनेच पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. सूझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये २१ जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. एकबीज ११ जोड्यांपैकी चारांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती, द्विबीज १० जोड्यांपैकी एकीतही नव्हती. संख्या लहान होती, पण मातेच्या मायेचा प्रश्न तिथे संपायला हवा होता.

तो संपला नाही, याचे कारण तो मुळात वैद्यकाचा प्रश्नच नव्हता. १९९८ मध्ये १२ मुलांच्या आधारावर लंडनच्या एका नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्डचा निबंध आला, आणि गोवर-गालगुंड-रुबेला लशीवर संशय गेला. २०१० मध्ये निबंध मागे घेतला गेला, लेखकाची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा मागोवा घेणारा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लस आणि स्वमग्नता यांचा संबंध आढळला नाही. दुसऱ्या वर्षाच्या आगेमागे लस दिली जाते आणि त्याच सुमारास हाकेला ओ न देणे पालकांच्या ध्यानात येते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. आपल्या परंपरेने याला काकतालीय न्याय म्हटले आहे.

नैयायिकांनी तर याहून बारकाईने विचार केला होता. घटाची कारणे सांगताना माती, कुंभार, दंड, चक्र ही ते मोजतात. पण कार्याच्या आधी हजर असलेली प्रत्येक गोष्ट कारण नसते म्हणून 'अन्यथासिद्ध' असा एक वर्ग करतात. त्यातली ठरीव उदाहरणे दोन : माती वाहून आणणारे गाढव, आणि कुंभाराचा बाप. दोघेही नसते तर घट कदाचित झाला नसता, तरी दोघेही घटाची कारणे नव्हेत. माझ्या शहरापासून तीसेक किलोमीटरवर त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबळी हा तीन दिवसांचा विधी होतो. पितृदोषाच्या निवारणासाठी दूरदूरची माणसे तेथे येतात. बोलता न येणाऱ्या, डोळ्याला डोळा न देणाऱ्या मुलांना घेऊन आलेले आईबापही त्यांत असतात. ज्या शास्त्रपरंपरेत कुंभाराचा बाप निर्दोष सुटला त्याच परंपरेत खापरपणजोबा अडकावा, हे मला नेहमी चमत्कारिक वाटत आले आहे.

तरीही त्या रांगेतल्या माणसांना हसावेसे मला वाटत नाही. पितृदोषात अपराधी कोणी अनाम, मृत पूर्वज असतो. निदान आई सुटते. (अर्थात घरी परतल्यावर ग्रहणात काय चिरले, डोहाळे कोणते मोडले, याची चौकशी होतेच.) सुशिक्षितांच्या समजुतींत आईला एवढीही सवलत नाही. नोकरी सोडली नाही, मूल सांभाळायला बाई ठेवली, हातात मोबाईल दिला, उशिरा लग्न केले. आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के असल्याचा अंदाज पाच देशांतील वीस लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासातून २०१९ मध्ये मांडला गेला. हे खरे कारणही आमच्या दिवाणखान्यात आले की 'तुमच्याकडून की आमच्याकडून?' असा प्रश्न होतो. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणातील पॅरासिटामॉलकडे बोट दाखवले. त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनमधील जवळजवळ २५ लाख मुलांच्या अभ्यासात, भावंडांची तुलना केल्यावर, तसा संबंध उरलेला नव्हता. त्या सप्टेंबरातल्या एका रात्री साडेअकराला माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. 'दादा, सातव्या महिन्यात मला ताप होता. मी दोन गोळ्या घेतल्या होत्या.' तिचा मुलगा त्या वेळी १५ वर्षांचा होता.

येथे मला माझा अपराध सांगितला पाहिजे. मुलाचे निदान झाले तेव्हा तो चार वर्षांचा होता. बहीण निदानाचा कागद घेऊन आली, आणि मी तिची समजूत घालायला बसलो. गरोदरपणात तिचे यजमान परगावी होते, ती एकटी असे, दिवसच्या दिवस वाचत बसे. मी म्हणालो, त्या काळात तू फार आत आत राहायचीस. तुझी आत्ममग्नताच त्याच्यात उतरली असेल. माझ्या मते हे सहानुभूतीचे, किंबहुना थोडे काव्यात्म बोलणे होते. ती म्हणाली, 'हे तू मला सांगतोस की वर्गाला?' त्यानंतर ती तीन महिने आमच्याकडे आली नाही. वैद्यकाने १९७७ मध्येच जे सोडून द्यायला हवे होते ते मी, एक डॉक्टरेट घेतलेला माणूस, शब्दाच्या ध्वनीवरून पुन्हा काढून तिच्या पदरात टाकले होते.

महिमभट्टाने ध्वनिवाद्यांना म्हटले होते की तुम्ही ज्याला व्यंजना म्हणता ते अनुमानच आहे. आमची चूक बरोबर उलटी. धुरावरून अग्नी ओळखावा तसे जिथे अनुमान करायचे तिथे आम्ही व्यंजना ऐकतो. धूर आपल्याला काही सांगू इच्छीत नाही. मुलाची अवस्था ही कोणी कोणाला उद्देशून केलेली उक्ती नाही. तिला कारणे आहेत, तात्पर्य नाही. उदात्त अर्थ लावल्यानेही ही चूक दुरुस्त होत नाही. 'तारे जमीन पर' (२००७) हे शीर्षक घ्या. चित्रपट वाचनाक्षमतेविषयी आहे, आणि चांगला आहे. पण ते शीर्षक पुढे सरसकट सगळ्या विशेष मुलांना चिकटले. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी सुचवलेला 'दिव्यांग' हा शब्द आता महाराष्ट्र शासनाच्या एका विभागाच्या नावातही आहे. एकीकडे दोष, दुसरीकडे दिव्यत्व. दोन्ही शब्द मुलाला वरून आलेला निरोप समजतात. त्यापेक्षा १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आणि २०१६ च्या हक्कविषयक कायद्याने स्वमग्नतेचे नाव कोरडेपणे यादीत घातले, हे मला अधिक सभ्यपणाचे वाटते. १९९५ च्या कायद्यातील यादीत ते नव्हते.

मग अर्थ लावूच नये काय? सूझन सोंटॅगने १९७८ मध्ये आजाराला रूपक करू नका असे बजावले, आणि ते योग्यच होते. परंतु तिच्या विचारात आजारी माणूस हा रूपकांचा बळी आहे. तो स्वतः रूपके करीत असेल ही शक्यता तिथे फारशी येत नाही. कॅनरचा १९४६ चा एक छोटा निबंध या दृष्टीने फार मोलाचा आहे. या मुलांचे असंबद्ध वाटणारे बोलणे त्याने तपासले. एक मुलगा स्वयंपाकाचे पातेले दिसले की 'पीटर ईटर' म्हणे. चौकशी करता कळले की तो दोन वर्षांचा असताना आई त्याला एक शिशुगीत म्हणून दाखवत होती आणि त्याच क्षणी तिच्या हातून पातेले पडले. म्हणजे त्याने पातेल्याला नाव ठेवले होते. सामीप्यसंबंधावरची ही शुद्ध लक्षणा आहे; मुख्यार्थबाध आहे, संबंध आहे. एवढेच की संबंध शब्दकोशात किंवा आदिबंधांत नाही, एका घरातल्या एका सकाळी आहे. त्या सकाळी हजर असलेल्या माणसाला विचारल्याशिवाय तो कळणार नाही.

माझ्या भाच्याला चित्रपटांची नावे पाठ आहेत, सालासकट. आठ वर्षांचा असताना त्याला मी आमच्या महाविद्यालयात फाळक्यांवरच्या भित्तिपत्रकांच्या प्रदर्शनाला नेले होते. त्यानंतर तो मध्येच 'लंका दहन, १९१७' असे ओरडू लागला. कधी जेवताना, कधी रस्त्यात. कान झाकून, पुन्हा पुन्हा. मी त्यावर पुष्कळ विचार केला. आग, शेपटीला लावलेली चिंधी, ज्याला बांधून ठेवले त्यानेच नगर पेटवणे. एका टिपणवहीत मी चार पाने लिहिलीही होती, आणि ती वाईट नव्हती. बहिणीने ती वाचली नाहीत. ती फक्त केव्हा केव्हा ओरडतो याची नोंद ठेवत गेली : मिक्सर लावला की, लग्नाची वरात गेली की, शेजारी छिद्रक यंत्र चालले की. मग एके दिवशी तिने मला विचारले, त्या प्रदर्शनात तो 'लंका दहन'च्या चित्रासमोर उभा असताना काय झाले होते? मला आठवेना. तिने खोदून विचारल्यावर आठवले की उद्घाटनाचा ध्वनिक्षेपक अचानक किंचाळला होता, आणि सगळ्यांनी हसून कान झाकले होते.

आता त्या घरात मिक्सर लावण्याआधी माझी बहीण स्वयंपाकघरातून मोठ्याने सांगते, 'लंका दहन, १९१७'. तो उठतो, खोलीत जातो, दार लावून घेतो. गेल्या दिवाळीत चकलीची भाजणी भिजवताना ती मला म्हणाली, की तू वर्गात मुलांना शीर्षकांविषयी सांगतोस तेव्हा हेही सांगत जा. मी अजून सांगितलेले नाही.